ओढणारे सगळेच, थांबवणारा कोण?

पिकअप गाडी घ्यायला निघालेल्या माणसाला आपल्याकडे तीन प्रश्न विचारतात. ॲव्हरेज किती देते? माल किती घेते? आणि हप्ता किती बसतो? मुलीसाठी स्थळ बघतानाही आपण हेच करतो. पगार विचारतो, घर स्वतःचं की भाड्याचं ते विचारतो. पण मुलगा रागावला की काय करतो, हे कुणी विचारत नाही. ते लग्नानंतर कळतं. गाडीचा स्वभाव पहिल्या उतारावर कळतो, आणि त्या वेळी मध्यस्थ जवळपास नसतो.

हा विषय निघायचं कारण आमचा मेहुणा. टेमघरला टोचनचा धंदा काढायचं त्याच्या मनाने घेतलं आहे. टेमघर म्हटल्यावर पुण्याकडच्या वाचकांना २०१६ साली गळतीमुळे गाजलेलं धरण आठवेल. हे ते नव्हे. हे भिवंडीचं टेमघर. शहाडला उल्हास नदीतून उचललेलं पाणी जिथे येऊन शुद्ध होतं, ते. भिवंडीतून कल्याणच्या रस्त्याला लागलात की राजनोली नाक्याच्या अलीकडे. ठाणे-भिवंडी-कल्याण मेट्रोच्या आराखड्यात या नावाचं स्टेशनसुद्धा आहे, त्यामुळे गावाला आपण मोठे झाल्यासारखं वाटतं.

धंद्याची जागा मात्र मेहुण्याने अचूक हेरली आहे, हे मान्य केलं पाहिजे. भिवंडी म्हणजे यंत्रमाग आणि गोदामं. कापडाचे तागे, सुताची बाचकी, मागाचे बीम, आणि आता घरबसल्या मागवलेल्या वस्तूंची खोकी, हे सगळं दिवसरात्र टेम्पोतून हिंडत असतं. टेम्पो जुने, माल जास्त, रस्ता भिवंडीचा. पावसाळ्यात तर डॉक्टरसमोर बसल्यासारखा ‘आ’ वासून, बॉनेट उघडं टाकून उभा असलेला एखादा टेम्पो दिसल्याशिवाय राजनोली येतच नाही. त्याला ओढून गॅरेजात नेणाऱ्याला उपाशी राहायचं कारण नाही.

“दाजी,” मेहुणा म्हणाला, “डिझेल पिकअपच घेणार. डिझेल खेचतं!”

आता हे खरं आहे. डिझेल इंजिन कमी फेऱ्यांतच जोर देतं. पेट्रोलचं इंजिन आधी ओरडतं आणि मग ओढतं. डिझेलचं ओढता ओढता गुरगुरतं. जड वजन जागचं हलवायचं तर डिझेल बरं, याबद्दल वाद नाही. वाद पुढे आहे. कारण जागचं हललेलं वजन कधीतरी थांबवावं लागतं, आणि त्या कामात डिझेलचा जोर कामी येत नाही.

पण हे ऐकतो कोण? गाडी घ्यायची म्हटल्यावर घरात तज्ज्ञांची परिषद भरतेच. तशी ती भरली. एक गॅरेजवाले, एक निवृत्त ड्रायव्हर आणि ज्यांनी आयुष्यात सायकलसुद्धा हाकलेली नाही असे आमचे दोन शेजारी. चहाच्या दोन फेऱ्यांत तीन ठराव एकमताने मंजूर झाले. पहिला, मागचे पाटे वाढवून घ्यावेत. दुसरा, बंपरला दणदणीत हुक वेल्ड करून घ्यावा. तिसरा, दोर नायलॉनचा घ्यावा. तिन्ही ठरावांना माझा विरोध आहे, आणि परिषदेत तो कुणी नोंदवून घेतला नाही म्हणून इथे नोंदवतो.

पहिला ठराव पाट्यांचा. पाटे वाढवले की हौद्यात माल भरला तरी गाडी खाली बसत नाही, ताठ दिसते. पण पाटे वाढले म्हणून ब्रेक वाढत नाहीत. ते होते तेवढेच राहतात. शिवाय पाटे हे अंगावरच्या ओझ्यासाठी. पाठीवर पोतं घेणं वेगळं आणि पोत्यांनी भरलेली हातगाडी उतारावरून घेऊन जाणं वेगळं. पाठीवरचं पोतं आपण थांबलो की थांबतं. हातगाडीला स्वतःचं मत असतं.

आपल्या बोलेरो पिकअपचं इंजिन ७५-८० अश्वशक्तीचं, आणि जोर २०० ते २२० न्यूटन-मीटरच्या आसपास. पावणेदोन टन मालाला हे पुरतं. पण मागे पाच टनांच्या घरातला भरलेला ४०७ बांधला, तर ओढणाऱ्यापेक्षा ओढला जाणारा जड होतो. चढावर फार तर क्लचप्लेट जळेल आणि वास सुटेल. उतारावर कोण कुणाला नेतंय, हा प्रश्न निर्माण होतो.

“अमेरिकेत पिकअपनं घरंच्या घरं ओढतात!” मेहुण्याने मोबाईलवर चित्रपट दाखवला. दाखवला ते बरं झालं. तिथल्या थोरल्या डिझेल पिकअप पंधरा टनांहून अधिक वजन ओढतात, हे खरं आहे. त्यांतल्या रॅम गाडीत तर कमिन्सचं इंजिन असतं, म्हणजे १९६२ पासून आपल्या कोथरूडला ज्यांचा कारखाना, ते कमिन्स. २०१९ साली त्या इंजिनाचा जोर १,३५० न्यूटन-मीटरच्या वर गेला. आपल्या पिकअपच्या सहापट! पण त्या चित्रपटात जे दिसत नाही तेच महत्त्वाचं आहे. तिथे बहुतेक राज्यांत साधारण दीड टनापुढच्या ट्रेलरला स्वतःचे ब्रेक असावे लागतात. ओढणाऱ्या गाडीत उतारावर इंजिनालाच लगाम घालणारा एक्झॉस्ट ब्रेक असतो. म्हणजे ज्या माणसाने ओढण्याचा विक्रम केला, त्याने थांबायची सोय आधी केली होती. आपण त्याची छाती पाहिली, पाय पाहिले नाहीत. बैल घेताना आपल्या आजोबांनी ही चूक कधी केली नसती. ते खूर बघत, कारण उतारावर गाडी बैलाच्या मानेवर येते आणि ती धरायची तर पाय रोवता आले पाहिजेत.

इतकं लांब तरी कशाला जायचं? आपला कसाऱ्याचा घाट बघा. १८६५ साली त्या थळ घाटातून रेल्वे वर चढली. चढण ३७ फुटांमागे एक फूट. गाडी चढवायला कसाऱ्याहून मागे आणखी इंजिनं लावतात. त्यांचं प्रवाशांना फार कौतुक. पण खरी अक्कल उताराच्या बाजूला आहे. ब्रेक निकामी होऊन गाडी सुटलीच तर ती वळवून चढावर नेऊन थांबवायची, म्हणून भोर आणि थळ घाटांत रुळांचे वेगळे फाटे करून ठेवले. ओढायला जास्तीचं इंजिन लावून भागतं, थांबवायला आख्खा डोंगर लागतो, हे रेल्वेला दीडशे वर्षांपूर्वी कळलं होतं. आमच्या परिषदेला अजून कळायचं आहे.

दुसरा ठराव हुकाचा. बंपर हा धक्का खायला केलेला पत्रा. त्याला हुक वेल्ड करून पाच टन ओढणं म्हणजे सदऱ्याच्या गुंडीला धरून माणूस विहिरीतून काढणं. हुक बसवायचा तो चासीच्या दांड्यांना, बोल्टांनी. नाहीतर एक दिवस बंपर टोचनसाठी पुढे जातो आणि गाडी मागे राहते, किंवा तुटलेला हुक दोरासकट मागच्या काचेकडे झेपावतो.

आणि मागच्या काचेआड कुणीतरी बसलेलं असतं. तिसऱ्या ठरावाची, दोराची, खरी गोष्ट ही आहे. बंद पडलेल्या गाडीच्या स्टिअरिंगवर बसवायचं कुणाला, तर बहुधा क्लीनरला. पोर सतरा-अठराचं. इंजिन बंद, म्हणजे ब्रेकला मदत करणारा व्हॅक्यूम नाही. एकदोनदा पाय दाबला की पेडल दगडासारखं होतं. पॉवर स्टिअरिंग असेल तर तेही जड. चावी काढली तर काही गाड्यांचं स्टिअरिंग चक्क लॉक होतं. पुढे दोर सैल पडतो, मग झटका बसतो. पुन्हा सैल, पुन्हा झटका. पुढच्याने खड्डा बघून ब्रेक मारला की दोराला काही थांबवता येत नाही. दोर फक्त ओढतो, अडवत नाही. मग ते पोर पुढच्या हौद्याच्या फाळक्याकडे बघत येत राहतं. टोचनचे पैसे पुढच्याला मिळतात. जोखीम मागच्याची असते, आणि त्याला कुणी विचारलेलं नसतं.

हे काही माझ्या डोक्यातून निघालेलं नाही. रस्त्यावरच्या वाहनांसाठी १९८९ साली जे नियम झाले, त्यांतच होतं : दोन गाड्यांमध्ये पाच मीटरपेक्षा जास्त अंतर नको, मागच्या स्टिअरिंगवर परवानाधारक हवा, दोर इतरांना दिसेल असा हवा, मागे ‘ऑन टो’ची पाटी हवी आणि वेग ताशी २४ किलोमीटरच्या आत. चोवीस! वेग दुप्पट झाला की थांबवायचं काम चौपट होतं, हे नियम करणाऱ्याला ठाऊक होतं. राजनोलीच्या पुलावर ताशी चोवीसने गाडी चालवली तर मागचे हॉर्न वाजवतील, हेही खरं. वाजवू देत. हॉर्नने अजून कुणी मेलेलं नाही.

आता मेहुण्याची बाजूही सांगितली पाहिजे. “दाजी, तुमचं सगळं खरं. पण मोठी गाडी घेतली तर हप्ता कोण भरणार? टेम्पोवाला टोचनला देऊन देऊन किती देणार?” प्रश्न रास्त आहे. गरीब धंद्याला श्रीमंत गाडी परवडत नाही. म्हणून मी मोठी गाडी घे म्हणतच नाही. मी म्हणतो, जेवढी गाडी घेशील तेवढंच ओढ. रिकामा टेम्पो, रिक्षा, चाकांवरचा लहान जनरेटर, हे खुशाल ओढ. भरलेला असेल तर आधी माल उतरव. ट्रकला क्रेन बोलाव म्हणून सांग आणि घरी येऊन जेव. दोराऐवजी लोखंडी दांडा घे. मात्र दांड्याने बांधल्यावर मागच्याला थांबवायचं कामही पुढच्याच ब्रेकवर येतं, म्हणून मागची गाडी आपल्यापेक्षा हलकी हवी. रिकाम्या हौद्याची मागची चाकं पावसात घसरतात, तर त्यात वाळूची चार पोती टाक. आणि गाडी घेताना पहिला प्रश्न हा विचार, की कंपनीने हिला किती वजन ओढायला मान्यता दिली आहे? ‘घेते’ किती ते नव्हे, ‘ओढते’ किती. पत्रकात पहिला आकडा ठळक असतो, दुसरा चष्मा लावून शोधावा लागतो. सापडला नाही तर तो शून्य समजावा.

हा प्रश्न घेऊन आम्ही एका शोरूममध्ये गेलो. विक्रेता मुलगा हुशार होता. ॲव्हरेज, हप्ता, विमा, सगळं तोंडपाठ. मी विचारलं, “मागे दोन टन बांधले तर उतारावर थांबते का?” त्याने क्षणभर विचार केला आणि चहा मागवला.

टोचन हा शब्द ‘टो-चेन’चा. आपल्या लोकांनी तो बोलता बोलता मराठी करून टाकला, आणि फार चांगला केला. ‘टोचणी’च्या शेजारी नेऊन बसवला. मेहुण्याला मी एवढंच सांगितलं आहे, की गाडी कुठलीही घे, रंग कुठलाही घे, पण मागच्या स्टिअरिंगवर दुसऱ्याच्या पोराला बसवण्याआधी एकदा आपल्या पोराला मनातल्या मनात तिथे बसवून बघ.

तो गप्प झाला. मग म्हणाला, “दाजी, तो लोखंडी दांडा कितीला मिळतो?”