ओरडायला शिकताना



आमच्या सांगलीच्या समुपदेशन केंद्रात येणाऱ्या प्रत्येक बाईची नोंद होते. त्या नोंदवहीत ‘तक्रारीचे स्वरूप’ असा एक रकाना आहे. मारहाण, हुंडा, दारू, टाकून देणे, दुसरे लग्न, मूल नाही म्हणून छळ. वर्षानुवर्षे तिथे तेच शब्द लिहिले जातात. मागच्या पावसाळ्यात एक आई आपल्या एकोणीस वर्षांच्या मुलीला घेऊन आली आणि त्या रकान्यात मला लिहावे लागले, ‘मुलगी ओरडते’. (हे सारे तिच्या परवानगीने आणि ओळख पटणार नाही अशा बेताने लिहीत आहे.)

आईचे म्हणणे असे, की पोरगी रोज संध्याकाळी गच्चीवर पाण्याच्या टाकीमागे जाते आणि ओरडते. साधे ओरडणे नव्हे. “बाप्यागत, घशातनं, अंगात आल्यागत.” शेजारी दोनदा विचारून गेले. भावाने मोबाइल काढून घेतला. आजीने मांढरदेवला न्यायचा बेत केला. कामाच्या सवयीने माझे मन भलतीकडेच धावले. घरात कुणी हात लावला असेल का? मुलीला एकटीला आतल्या खोलीत घेतले, पाणी दिले, हळूहळू विचारू लागले. तीच मला समजावत म्हणाली, “ताई, मला काही झालेलं नाही. मी शिकतीय.”

“काय?”

“ओरडायला.”

ती मेटल शिकत होती. आपल्यापैकी अनेकींना हा प्रकार माहीत नसेल, मलाही नव्हता. इंग्लंडातल्या बर्मिंगहॅम या कारखान्यांच्या शहरातून 1970 च्या सुमारास पुढे आलेले हे कर्कश गिटारींचे संगीत. ब्लॅक सॅबाथ या पहिल्या गाजलेल्या मंडळीतला गिटारवाला टोनी आयोमी पत्र्याच्या कारखान्यात कामाला होता. यंत्रात त्याच्या दोन बोटांची टोके गेली, तरी तो वाजवत राहिला. म्हणजे हे मुळात कामगारांच्या पोरांचे संगीत. पुढे 1980 नंतर त्यात गुरगुरत, किंचाळत गाण्याचे प्रकार आले. ते पुरुषांचेच मानले जात. 2000 साली आर्च एनिमी या स्वीडनच्या मंडळीने अँजेला गोसो ही जर्मन बाई गायला घेतली, तेव्हा ऐकणाऱ्या अनेकांना हा बाईचा आवाज आहे हे खरेच वाटेना. 2014 मध्ये ती थांबली, तर तिच्या जागी पुन्हा बाईच आली, कॅनडाची अलिसा व्हाइट-ग्लुझ.

मुलीला म्हटले, दाखव. ती उठून उभी राहिली. दोन घोट पाणी प्यायली, जांभई दिल्यासारखे तोंड उघडले, खांदे सैल सोडले. मग जो आवाज आला त्याने माझ्या अंगावर काटा आला. शेजारच्या झेरॉक्सवाल्याने दारातून डोकावून पाहिले. आवाज थांबला आणि ती आपल्या नेहमीच्या बारीक आवाजात म्हणाली, “झालं.” घसा बसलेला नव्हता. खोकला नाही, खाकरणे नाही.

माझे लक्ष नेमके तिथेच अडकले, कारण त्याच आठवड्यात आमच्या साताऱ्याच्या एका ज्येष्ठ कार्यकर्तीचा आवाज गेला होता. गेली वीस-बावीस वर्षे मोर्चा निघाला की पहिली घोषणा तिची. दारूबंदीसाठी आडव्या बाटलीचा प्रचार असो की कलेक्टर कचेरीवरचे धरणे, माइक असो-नसो, ती उभी राहिली की मागच्या रांगेपर्यंत आवाज पोचायचा. घसा बसायचा, ती खडीसाखर चघळायची, चार दिवसांनी पुन्हा उभी राहायची. या वेळी महिना झाला तरी आवाज परतला नाही. डॉक्टरांनी नळी घालून पाहिले. स्वरतंतूंवर गाठी. औषध काय, तर गप्प बसा. वर फुकटचा सल्ला, “बाई, या वयात कशाला हवंय मोर्चात ओरडायला?”

विश्रांतीचा सल्ला चुकीचा होता असे मी म्हणत नाही. पण गप्प बसा, एवढेच का? क्रिकेटपटूचा खांदा दुखावला तर त्याला ‘खेळतोस कशाला’ असे कुणी म्हणत नाही. त्याला चेंडू नीट टाकायला शिकवतात. ओरडणे हेही अंगमेहनतीचे काम आहे, त्याला तंत्र आहे आणि ते शिकता येते, हे आम्हाला ना डॉक्टरांनी सांगितले, ना चळवळीने. सांगितले ते त्या एकोणीस वर्षांच्या पोरीने.

आपल्या गळ्यात काय घडते ते थोडे समजून घेऊ. बोलताना स्वरतंतू एकमेकांवर आपटतात. पुरुषाचे सेकंदाला साधारण शंभर-सव्वाशे वेळा, बाईचे सुमारे दोनशे वेळा. तेवढेच बोलायला बाईच्या स्वरतंतूंना जवळपास दुप्पट मार बसतो. शिक्षिकांचे आवाज का बसतात याचे एक कारण इथे आहे. राग आला, भीती वाटली की आपण मान आवळतो, आवाज वर चढवतो आणि घशातून हवा रेटतो. तिथे इजा होते. मेटलचे चांगले गायक हे टाळतात. खऱ्या स्वरतंतूंच्या जरा वर मांसल पडद्यांची आणखी एक जोडी असते. तिला खोटे स्वरतंतू म्हणतात. गुरगुराट बराचसा त्यांच्या आणि आसपासच्या भागाच्या थरथरण्याने होतो. 2022 मध्ये विल रामोस या अमेरिकी गायकाच्या घशात दुर्बीण घालून, तो गात असतानाच चित्रण केले गेले. वरचे सारे पडदे वादळात सापडल्यागत हलताना त्यात दिसतात. तंत्राने गाणाऱ्याच्या गळ्यात नेमके काय हलते, ते डोळ्यांनी पाहता आले. न्यूयॉर्कच्या मेलिसा क्रॉस या गानशिक्षिकेने तर 2005 मध्येच सुरक्षित किंचाळण्याचे धडे डीव्हीडीवर काढले होते. बाईनेच पुरुष गायकांना ओरडायला शिकवले, याची मला गंमत वाटली.

आणखी एक गोष्ट मुलीकडून कळली. तो आवाज ऐकायला वाटतो तेवढा मोठा नसतोच. मोठा तो माइकमुळे होतो. जोर लावणे ही शिकाऊ माणसाची चूक. दुखले, गुदगुल्या झाल्या, खोकला आला, तर त्या दिवशी बंद. सुरुवातीला दहा मिनिटांपेक्षा जास्त नाही.

आम्ही तिला साताऱ्याला नेले. शनिवारी दुपारी बावीस जणी जमल्या. अंगणवाडी सेविका होत्या, आशा ताई होत्या, दोन शिक्षिका. डिसेंबर 2023 मध्ये सुरू झालेल्या अंगणवाडीच्या संपात घोषणा देऊन ज्यांचे घसे फुटले होते त्याही होत्या. पोरीने सांगितले, पोटातून श्वास घ्या. एकीलाही जमेना. छाती वर जायची, पोट जागेवरच. दहा मिनिटांनी मागून कुणीतरी म्हणाले, “अगं, परकराची नाडीच एवढी आवळलीय, पोट हलणार कसं?” एकच हशा पिकला. मग खरोखरच साऱ्याजणी भिंतीकडे तोंड करून नाड्या सैल करून आल्या. पुन्हा श्वास घेतला आणि पोट हलले.

हे मी विनोद म्हणून सांगत नाही. पोट आत घे, पाठ झाकून बैस, खांदे पाड, तोंड मिटून हस, असे आपल्याला लहानपणापासून सांगितले जाते. आवाजाला लागणारी हवाच बाईच्या अंगात नीट शिरू नये अशी व्यवस्था नेसण्या-बसण्यापर्यंत झालेली आहे. आवाज दाबला जातो असे आपण भाषणात म्हणतो. तो नेमका कुठे दाबला जातो ते त्या दिवशी बोट ठेवून दाखवता आले.

घोषणा म्हणजे मेटल नव्हे, हेही तिने बजावले. गुरगुराट घोषणेत वापरू नका, शब्द कळणार नाहीत. पण पाया तोच. मान सैल, जबडा सैल, तोंड मोठे उघडायचे, आवाज उगाच वर चढवायचा नाही, पोटाच्या स्नायूंनी तोलायचा. आधी गुणगुणून गळा तापवायचा. घसा बसल्यावर कुजबुजणे म्हणजे विश्रांती नव्हे, तिचाही ताण पडतो. सारखे खाकरू नये. पाणी दिवसभर थोडे थोडे प्यावे. इथे एक आशा ताई म्हणाल्या, फिरतीवर असताना पाणी पीतच नाही, लघवीला जायचं कुठं? तिला कुणाकडेच उत्तर नव्हते. तीन आठवड्यांहून जास्त आवाज बसलेला राहिला तर मात्र घरगुती उपाय सोडून नाक-कान-घशाच्या डॉक्टरांकडे जाणे आलेच. शेवटी आमचे आम्हीच दोन ठराव केले. घोषणा एकीने नाही, पाळीपाळीने द्यायच्या. आणि लोकांचे लक्ष वेधायचे काम गळ्यावर न टाकता हलगीवर टाकायचे. हलगी शिकायला चौघी तयार झाल्या आहेत.

संपादक मंडळात यावर वाद झाला, तो तुमच्यापासून लपवत नाही. एक मैत्रीण म्हणाली, हे शहरी, इंग्रजी शिकलेल्या पोरींचे चोचले आहेत. दुसरीने मेटलच्या काही गाण्यांतले शब्द शोधून आणले, बाईच्या देहाची चिरफाड करणारे. ती म्हणाली, असल्या संगीताची भलामण आपल्या अंकात? तिचा आक्षेप खरा आहे. तशी गाणी आहेत आणि आपण त्यांचा निषेधच करू. पण याच संगीतात इंडोनेशियातल्या गारुत भागातल्या तीन मुलीही आहेत. 2014 मध्ये शाळेत असताना त्यांनी ‘व्हॉइस ऑफ बासेप्रॉत’ काढले. हिजाब घालून त्या वाजवतात, गातात. घरच्यांचा, गावाचा विरोध सोसून 2024 मध्ये इंग्लंडच्या ग्लास्टनबरी महोत्सवापर्यंत पोचल्या. बाईचे शरीर ही सार्वजनिक मालमत्ता नाही, या विषयावरही त्यांचे गाणे आहे. शिव्यांसाठी वापरतात म्हणून मराठी भाषा आपण सोडली नाही.

बाप्याचा आवाज म्हणाल, तर आपल्या भागाला त्याचे नवल वाटू नये. बालगंधर्वांचे मूळ गाव नागठाणे, सांगली जिल्ह्यातले. पुरुषाच्या गळ्यातला बाईचा आवाज महाराष्ट्राने डोक्यावर घेतला. साताऱ्यात वाढलेल्या कांताबाई सातारकरांनी तमाशाच्या फडावर शिवाजी महाराज उभे केले, संभाजी उभे केले. मे 2021 मध्ये त्या गेल्या. त्यांच्या त्या खड्या आवाजाला किती जणांनी गंधर्व म्हटले?

आपली भाषाच पाहा. ललकारी, डरकाळी, आरोळी हे पुरुषाचे. किंकाळी, टाहो, हंबरडा हे बाईचे. पुरुष ओरडतो ते काहीतरी करायला निघताना. बाई ओरडते ते तिच्यावर काही झाल्यावर. आणि तिने भांडायला आवाज चढवला तर ती कजाग. बाळंतपणात, मढ्यापाशी आणि अंगात आल्यावर, एवढ्या तीनच जागी तिला मोकळे ओरडता येते. त्यातही बाळंतपणात दवाखान्यातल्या बायकांचीच बोलणी खावी लागतात. आजीला नातीसाठी मांढरदेव आठवले ते उगीच नव्हे. देवीच्या नावाने घुमणारी बाई तिने आयुष्यभर पाहिली आहे. स्वतःच्या नावाने ओरडणारी तिने पाहिलेली नाही.

खरे तर अशी एक बाई आपल्याच भागात होऊन गेली. हौसाताई पाटील, क्रांतिसिंह नाना पाटलांच्या कन्या. सातारा-सांगली तेव्हा एकच जिल्हा. प्रतिसरकारच्या त्या वर्षांत भवानीनगरच्या पोलीस ठाण्यासमोर त्यांनी नवरा-बायकोच्या भांडणाचे नाटक केले. ‘नवरा’ झालेल्या साथीदाराने मारझोड केली, दगड उचलला. पोलीस सोडवायला बाहेर धावले आणि तेवढ्यात बाकीच्यांनी आतली शस्त्रे उचलली. पी. साईनाथ यांना हौसाताईंनी म्हातारपणी हे सांगितले. मार खरा होता, त्याबद्दल त्या साथीदारावर रागावल्या होत्या, हेही सांगितले. सप्टेंबर 2021 मध्ये, वयाच्या पंचाण्णवाव्या वर्षी त्या गेल्या. आम्ही ही गोष्ट नेहमी शौर्याची म्हणून सांगत आलो. आता मला त्यात दुसरे दिसते. तो आरडाओरडा ठरवून केलेला होता. कधी सुरू करायचा, किती वेळ ताणायचा, कधी थांबायचे हे त्यांच्या हातात होते. (बाई मार खाते आहे म्हणून पोलीस ठाण्यातून धावत बाहेर आले, हा भाग आमच्या केंद्रातल्या बायकांना सांगितला की त्या हसतात.)

मुलीच्या घरी तीन वेळा जाऊन आलो. मोबाइल परत मिळाला आहे. मांढरदेवचा बेत मागे पडला आहे, रद्द झालेला नाही. गच्चीला मात्र भावाने कुलूप घातले, ते अजून आहे. तूर्त दर गुरुवारी तीन ते चार ती आमच्या केंद्राच्या आतल्या खोलीत सराव करते. झेरॉक्सवाल्याला कल्पना दिली आहे. साताऱ्याच्या आमच्या कार्यकर्तीचा आवाज थोडा परतला आहे. तिला डॉक्टरांनी वाणी-उपचाराचे व्यायाम दिले आहेत. गाठी विरतात की शस्त्रक्रिया लागते हे दिवाळीनंतर कळेल. तोवर घोषणा दुसऱ्या जणी देतात आणि ती शेजारी उभी राहून हाताने ताल धरते.

तुमच्या गटात कुणाचा आवाज असा गेला आहे का? काय केले, कुणी काय सांगितले, ते पुढच्या अंकासाठी जरूर लिहून पाठवा. लिहिता न येणाऱ्या मैत्रिणींनी सांगावे, बाकीच्यांनी उतरवून घ्यावे.