पाणी कधी येणार ते सांगा, का आलं नाही ते नको

दुपारी आमच्या गल्लीत जिन्याखाली साड्या पसरतात. सुरतच्या गोडादऱ्यात, लिंबायतात हे घरोघरचं काम. काडीने गोंदाचा ठिपका द्यायचा, टिकली उचलायची, किनारीवर दाबायची. हात अडकलेले, नजर अडकलेली, मोकळा राहतो तो फक्त कान. त्या कानात सध्या मोबाइलवरची मालिका नाहीतर कुणा महाराजांचं प्रवचन जातं. एका साडीमागे काय सुटतं, समोरच्या गल्लीतला दलाल किती देतो, हे मात्र पलीकडच्या जिन्यालाही कळत नाही.

सामुदायिक रेडिओ नेमका या कानासाठी आहे. शंभर वॉटची ताकद, दहा-बारा किलोमीटरचा टापू. गोडादऱ्यात खांब रोवला तर डिंडोली, पर्वत पाटिया, उधना सगळं आवाक्यात येतं, आणि निम्मा तरी मजकूर स्थानिकच हवा असा नियमच आहे. साताऱ्याकडच्या म्हसवडला माणदेशी तरंग वाहिनी 2008 पासून 90.4वर बोलते आहे. तिच्यामागे 1997 साली उभी राहिलेली बायकांची सहकारी बँक आहे. आपल्या गुजरातेत, साणंदजवळच्या मणिपूर गावात, सेवा संस्थेचा ‘रूडी नो रेडियो’ आहे. म्हणजे हे शहाण्यांचं खूळ नव्हे, कष्टकरी बायकांनी चालवून दाखवलेलं काम आहे.

धंद्याच्या बाजूने वाट बरीच मोकळी झाली. 2024च्या नव्या धोरणात तासाला बारा मिनिटं जाहिरात करायची मुभा मिळाली, दहा सेकंदांना 74 रुपये सरकारी दर ठरला. महाराणा प्रताप चौकातल्या शेवभाजीवाल्याला खाजगी एफएम परवडणार नाही, हे परवडेल.

अडतं ते पुढे. बातम्या आणि चालू घडामोडी या केंद्रांना बंद आहेत. आकाशवाणीचं बातमीपत्र जसंच्या तसं किंवा स्थानिक बोलीत भाषांतर करून लावता येतं, बस. पाणीपुरवठा, वीज, रहदारी, हवामान यांची माहिती बातमीत धरत नाहीत, ती खुशाल द्या. म्हणजे ‘उद्या नळाला पाणी येणार नाही’ हे सांगता येतं. पण शेजारच्या मावशी अहिराणीत जे विचारतात, ‘पानी काबर नही उनं?’, त्याचं उत्तर शोधायला निघालात की पाय निसरड्या फरशीवर पडला समजा. प्रसारणलहरी ही जनतेची मालमत्ता आहे असं सर्वोच्च न्यायालयाने 1995 साली म्हटलं. निकालपत्र लिहिणाऱ्यांत आपले न्या. पी. बी. सावंत होते. मालकाला स्वतःच्या घरात इतकं दबकून बोलावं लागतं, हे मला पटत नाही. अफवेची भीती असेल तर चूक झाल्यावर जाब विचारा, आधीच तोंड कशाला बांधता?

आणि अफवा आता थांबल्यात का? ऑगस्ट 2006च्या तापीच्या पुरात उकाई धरणाचं पाणी शहरात शिरलं. त्याच वर्षाच्या अखेरीस केंद्राने सामुदायिक रेडिओ स्वयंसेवी संस्थांना खुला केला. तेव्हापासून किती पावसाळे गेले! खाडीला फुगारा आला की आमच्याकडे आजही मोबाइलवर कुणाचा तरी घाबरा आवाज फिरतो, ‘उकाई सोडलं, घरं खाली करा’. तो कुठल्या वर्षाचा, कुठल्या गावचा, कोण जाणे. मागच्याच पावसात आमच्या मजल्यावरच्या वहिनींनी तो ऐकून गोंदाच्या डब्यांसकट अर्धवट साड्या गच्चीवर नेल्या. खाडी आलीच नाही. सरीवर सरी मात्र आल्या, आणि माल भिजल्याचे पैसे मजुरीतून कापले गेले.

परवान्यासाठी संस्थेची नोंदणी किमान तीन वर्षांची हवी. ती अट इथली पन्नास मंडळं पुरी करतील. गणपती, खान्देशी स्नेहमेळावे, वधू-वर मेळावे कुणाचे आहेत? पण पक्षाशी बांधलेल्या संस्थेला परवाना नाही. तेव्हा आधी फलकावर नगरसेवकाचा फोटो नसलेलं एखादं मंडळ गोडादऱ्यात शोधायला हवं. मी दोन रविवार फिरतो आहे.