विश्लेषण : सलाइनची बाटली, 10 रुग्ण आणि 8 मृत्यू… दातांच्या दवाखान्यांची तपासणी नेमकी कोण करते?

दाढ दुखते म्हणून गल्लीतल्या दवाखान्यात जाणे ही तशी किरकोळ गोष्ट. डॉक्टरची पदवी भिंतीवर दिसते, खुर्ची चकचकीत असते आणि वासही स्वच्छतेचा येतो. पण तोंडात जाणारे अवजार आधीच्या रुग्णानंतर निर्जंतुक झाले का, हे पाहायला बाहेरचे कोणी कधी येते का? तमिळनाडूतील एका घटनेवरील संशोधनामुळे हा प्रश्न गंभीर झाला आहे.

तमिळनाडूत काय घडले?

तिरुपत्तूर जिल्हा आणि परिसरात 2022-23 मध्ये मेंदूज्वरासारख्या आजाराचे रुग्ण आढळू लागले. ताप, डोकेदुखी, अडखळते बोलणे, अंधूक दिसणे, चेहऱ्याचा लकवा अशी लक्षणे होती. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजसह आयसीएमआर आणि राज्याच्या आरोग्य यंत्रणेतील तज्ज्ञांनी याचा शोध घेतला. आजार निघाला न्यूरोमेलिऑइडोसिस. तो बर्कहोल्डेरिया स्यूडोमॅलाय या, माती आणि पाण्यात राहणाऱ्या जिवाणूमुळे होतो. तपासलेल्या 21 रुग्णांपैकी 10 जण वानियमबाडीतील एकाच दंत दवाखान्यात उपचार घेऊन आले होते. त्या 10 पैकी 8 जण दगावले. हे संशोधन ‘लॅन्सेट’ समूहाच्या दक्षिण-पूर्व आशियाविषयक नियतकालिकात 2025 मध्ये प्रसिद्ध झाले.

संशोधकांना तिथे आढळलेली चूक अगदी साधी होती. हिरडी सोडवण्याचे अवजार, म्हणजे पेरिऑस्टियल एलिव्हेटर, सलाइनची बाटली फोडायला वापरले जात होते. उघडलेली बाटली सैलसर बंद करून तेच सलाइन पुढच्या रुग्णांच्या जखमा धुवायला वापरले जाई. वापरात असलेल्या बाटलीतल्या नमुन्यात हा जिवाणू सापडला. दाढ काढल्यावर तोंडात उघडी जखम असते आणि तिथून मज्जातंतूंच्या वाटेने मेंदू फार लांब नाही.

नुसते उकळून का भागत नाही?

जुन्या दवाखान्यांत स्टोव्हवर अवजारे उकळत ठेवलेली अनेकांनी पाहिली असतील. पाणी 100 अंशांना उकळते, त्यात बहुतेक जंतू मरतात, पण काही जिवाणूंचे बीजाणू तग धरतात. त्यासाठी ऑटोक्लेव्ह लागतो. तत्त्व घरच्या प्रेशर कुकरचेच : दाब वाढला की वाफेचे तापमान वाढते. 121 अंशांना साधारण 15 ते 30 मिनिटे किंवा 134 अंशांना किमान 3 मिनिटे, असे त्याचे गणित असते.

खरी अडचण पोकळ अवजारांची. दात कोरणारा हँडपीस आतून पोकळ असतो आणि थांबताना तोंडातली लाळ, रक्त थोडे आत ओढून घेऊ शकतो. त्यात हवा अडकलेली असेल तर वाफ आत पोहोचतच नाही. म्हणून आधी हवा खेचून घेणारा, ‘क्लास बी’ प्रकारचा ऑटोक्लेव्ह अशा अवजारांसाठी योग्य मानला जातो. हँडपीस बाहेरून स्पिरिटने पुसून पुढच्या रुग्णाला लावणे म्हणजे निर्जंतुकीकरण नव्हे.

अवजाराच्या पाकिटावरची रंग बदलणारी खूणही अनेकदा चुकीची वाचली जाते. पाकिटाला उष्णता लागली, एवढेच ती सांगते. यंत्र खरोखर जंतू मारते का, हे कळते बीजाणू चाचणीतून. जिवंत बीजाणूंची पट्टी यंत्रात फिरवून नंतर त्यातून काही वाढते का, ते पाहतात. अमेरिकेच्या सीडीसीची शिफारस ही चाचणी आठवड्यातून किमान एकदा करण्याची आहे.

इंग्लंडमध्ये तपासणी कशी होते?

इंग्लंडमधील दंत दवाखान्यांना एप्रिल 2011 पासून केअर क्वालिटी कमिशनकडे, म्हणजे सीक्यूसीकडे नोंदणी बंधनकारक आहे. खासगी दवाखानेही त्यात आले. दरवर्षी साधारण 10 टक्के दवाखान्यांना निरीक्षक भेट देतात, सोबत बहुधा दंतवैद्यकातील तज्ज्ञ सल्लागार असतो. सेवा सुरक्षित, परिणामकारक, आपुलकीची, रुग्णाच्या गरजेला धरून आणि नीट व्यवस्थापन असलेली आहे का, या पाच प्रश्नांवर तपासणी होते. वापरलेले अवजार धुण्यापासून पाकिटात जाईपर्यंत कसे फिरते, आपत्कालीन औषधांची मुदत संपली आहे का, हेही पाहिले जाते. रुग्णालयांप्रमाणे श्रेणी दिली जात नाही, नियम पाळले की नाही एवढेच सांगतात. अहवाल मात्र संकेतस्थळावर कुणालाही वाचता येतो, आणि भारतीय रुग्णाला हेवा वाटावा अशी हीच गोष्ट आहे.

महाराष्ट्रात जबाबदारी कोणाची?

ती तुकड्यातुकड्यांत विभागलेली आहे. दंतवैद्याची नोंदणी राज्य दंत परिषदेकडे, पण ती व्यक्तीची, दवाखान्याची नव्हे. एक्स-रे यंत्र अणुऊर्जा नियामक मंडळाच्या अखत्यारीत. रक्ताचा कापूस, सुया यांसाठी 2016 च्या जैववैद्यकीय कचरा नियमांनुसार प्रदूषण नियंत्रण मंडळाची परवानगी हवी, खाट नसलेल्या दवाखान्यालाही. या सगळ्यांत ऑटोक्लेव्हचे दार उघडून पाहणारे नेमके कोण, याचे उत्तर सापडत नाही.

केंद्राचा क्लिनिकल एस्टॅब्लिशमेंट कायदा 2010 चा. दंत दवाखाने त्याच्या कक्षेत येतात, पण महाराष्ट्राने तो स्वीकारलेला नाही. राज्याचा 1949 चा नर्सिंग होम नोंदणी कायदा रुग्ण दाखल करून घेणाऱ्या ठिकाणांसाठी आहे. खुर्ची आहे पण खाट नाही, असा दवाखाना त्याबाहेर राहतो. एनएबीएचची दंत सेवांसाठी मानके आहेत, ती ऐच्छिक. अर्थात कायदा असला की सगळे ठीक, असेही नाही. तमिळनाडूत दवाखान्यांसाठी राज्याचा 1997 चा कायदा होता, तरी वानियमबाडी घडलेच.

रुग्णाने काय पाहावे?

अवजारांचे बंद पाकीट समोर उघडले जाते का, हँडपीस बदलला का, दाढ काढताना सलाइन नवे उघडले का. विचारायला संकोच वाटतो हे खरे, पण नीट काम करणारा डॉक्टर यावर चिडत नाही, उलट पाकीट दाखवतो.

संसर्ग झालाच तर डॉक्टरविरुद्ध राज्य दंत परिषदेकडे तक्रार करता येते. सर्वोच्च न्यायालयाच्या 1995 च्या निकालापासून पैसे देऊन घेतलेले उपचार ग्राहक कायद्यातही येतात, तिथे मुदत दोन वर्षांची. कठीण भाग पुराव्याचा असतो. आजार त्याच खुर्चीतून आला हे दाखवायला वानियमबाडीत प्रयोगशाळा, साथरोगतज्ज्ञ आणि सरकारी यंत्रणा एकत्र यावी लागली होती.