खाणींचे खड्डे आणि सायंकाळची वीज

घोडबंदर रोडवर मानपाड्यापासून गायमुखापर्यंत उभ्या राहिलेल्या उंच इमारतींना विजेची खरी निकड भासते ती सूर्य मावळल्यावर. राज्यात सौरविजेची जी नवी क्षमता उभी राहत आहे, तिचा भर मात्र दुपारचा. दुपारची वीज सायंकाळपर्यंत राखून कशी ठेवावी, या प्रश्नाचे एक उत्तर आमच्याच जिल्ह्यात आहे, हे फार थोड्या ठाणेकरांस ठाऊक असेल. शहापूर तालुक्यातील चोंढे येथे घाटघर उदंचन प्रकल्पाचे खालचे धरण आहे; वरचे धरण सह्याद्रीच्या माथ्यावर, अकोले तालुक्यात. मागणी कमी असता पाणी वर चढवावयाचे आणि मागणी वाढताच तेच पाणी चारशे मीटरांहून अधिक खाली सोडून वीज घ्यावयाची, अशी ही २००८ साली सुरू झालेली २५० मेगावॅटची योजना. चार युनिटे खर्चावीत तेव्हा सुमारे तीन हाती येतात. पण दुपारी वाया जाणारी वीज सायंकाळी कामी येत असेल, तर हा तोटा पत्करण्याजोगाच म्हटला पाहिजे.

राज्य सरकारने २०२३ साली अशा प्रकल्पांचे धोरण जाहीर केले आणि त्याच वर्षी शिरवटा येथे १,८०० व भिवपुरी येथे १,००० मेगावॅटसाठी टाटांशी करार केला. त्या परिसरात टाटांचे जुने तलाव आहेत, त्यामुळे या दोन योजनांविषयी आमची तक्रार नाही. परंतु करारांची रांग लांबत गेली, तर नवे जलाशय घाटमाथ्यावरील जंगलांत आणि आदिवासी पाड्यांत शिरल्यावाचून राहणार नाहीत. जमीन आधीच उकरून ठेवलेली आहे, तेथे प्रथम पाहावयास नको काय?

केंद्रीय ऊर्जा मंत्रालयाने एप्रिल २०२३ च्या मार्गदर्शक सूचनांत, कोळसा वा खनिज संपलेल्या खाणी याच कामी वापराव्यात, असे सुचविले आहे. ऑस्ट्रेलियात किडस्टन येथील बंद सोन्याच्या खाणीच्या दोन खड्ड्यांवर २५० मेगावॅटच्या प्रकल्पाचे काम २०२१ साली हाती घेण्यात आले. आपल्याकडे अशा उघड्या खाणी आहेत त्या चंद्रपूर, घुग्घुस, वणीच्या बाजूस. तेथला कोळसा जाळून राज्यभर दिवे लागले. खड्डे मात्र तेथल्या लोकांच्या वाट्याला आले.

येथे उत्साहाला हिशोबाचा लगाम हवा. घाटघरच्या उंचीवरून सुमारे नऊशे लिटर पाण्यात एक युनिट वीज मिळते. चाळीस मीटरांचाच उतार असेल, तर त्याच युनिटासाठी नऊ हजार लिटरांहून अधिक पाणी सोडावे लागेल, आणि हेही यंत्रांतील तूट न धरता. म्हणूनच पारसिकच्या डोंगरातील दगडखाणींतून ठाण्याची वीज निघेल, अशी स्वप्ने कोणी विकू लागल्यास वाचकांनी ती विकत घेऊ नयेत. चंद्रपूरचा प्रदेशही सपाट. तेथे उंची मिळावयाची ती खाणीच्या खोलीतून आणि काठावरील मातीच्या ढिगाऱ्यांतून. आणि सुट्या मातीचा ढिगारा पाण्याचे ओझे पेलील काय, हे तपासल्यावाचून सांगता येत नाही. खाणीतले पाणी आम्लयुक्त असल्यास ते टर्बाइनची पाती खाते, रोज भरणाऱ्या-उतरणाऱ्या पाण्याने खड्ड्याचे काठ ढासळतात. काही खड्डे या कसोटीत नापास होतील. ते व्हावेत; पण कसोटी तरी लागू द्या.

खाण बंद करण्याच्या खर्चासाठी कोळसा कंपन्यांना स्वतंत्र खात्यात पैसे ठेवणे २००९ पासून बंधनकारक आहे, तेव्हा पाहणीस पैसा नाही ही सबब चालावयाची नाही. वेस्टर्न कोलफील्ड्स आणि राज्याचे ऊर्जा खाते यांनी मिळून विदर्भातील प्रत्येक बंद खड्ड्याची खोली, पाणी आणि काठाची मजबुती तपासून ते आकडे प्रसिद्ध करावेत. आणि ते लोकांसमोर येईपर्यंत सह्याद्रीतील नव्या जागेच्या एकाही करारावर सही होऊ नये, अशी आमची मागणी आहे. ही मागणी चंद्रपूरकरांनीच करावी असे नाही. सायंकाळची वीज आम्हांस हवी आहे, तेव्हा ती ठाण्यातूनही झाली पाहिजे.