मैदानाचा तास

‘आमच्या मुलांना व्यायाम कशाला हवा?’ असा प्रश्न पालक आम्हांस नेहमी विचारतात. कसारा परिसरातील पाड्यांवर डोंगर चढत-उतरत वाढलेल्या मुलाला शरीरश्रम शिकवावे लागत नाहीत, हे खरेच आहे. आमची चिंता तो शिकून कसाऱ्याहून मुंबईची लोकल पकडू लागतो तेव्हापासूनची आहे. शिक्षणाने त्याला खुर्ची मिळते. तिच्यासोबत बैठे काम, अडीच तासांचा प्रवास आणि स्टेशनवरचा वडापाव येतो. चालणे मात्र सुटते.

रक्तातील चरबीचा समतोल येथेच बिघडू लागतो. नियमित व्यायामाने ट्रायग्लिसराइड्स कमी होतात आणि कोलेस्टेरॉल यकृताकडे परत नेणारे एचडीएल वाढते. व्यायाम थांबला की हा लाभही ओसरतो. शाळेत धावलेले अंतर चाळिशीत कामी येत नाही. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत महाराष्ट्राचाही समावेश होता. तीत १०० पैकी सुमारे ७२ प्रौढांचे एचडीएल अपुरे आढळले. अंगकाठी सडपातळ असली तरी रक्त निर्दोष असतेच असे नाही.

अंगुत्तर निकायात तथागतांनी चंक्रमणाचे, म्हणजे चालण्याचे, पाच लाभ सांगितले आहेत. निरोगीपणा आणि अन्नपचन हे त्यांपैकी दोन. अतिभोजनाने सुस्तावलेल्या पसेनदी राजाला त्यांनी मिताहार शिकविला. शरीर साथ देईनासे झाले की कार्याची किती हानी होते, हे आपल्या समाजाने जवळून पाहिले आहे. मधुमेहाने जर्जर झालेल्या बाबासाहेबांचे ६५व्या वर्षी महापरिनिर्वाण झाले. ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ हा त्यांचा ग्रंथ १९५७ साली प्रसिद्ध झाला, तेव्हा तो पाहण्यास ते नव्हते.

या बाबतीत आम्ही शिक्षकही दोषी आहोत. दहावीचा अभ्यासक्रम मागे पडला की मैदानाचा तास आम्ही इतिहासासाठी घेत आलो. तो यापुढे कोणत्याही विषयाने घेऊ नये, असे आमचे स्पष्ट मत आहे. जागतिक आरोग्य संघटना मुलांसाठी रोज सरासरी ६० मिनिटांची शारीरिक हालचाल आवश्यक मानते. माजी विद्यार्थ्यांनी आठवड्यातील पाच दिवस अर्धा तास झपझप चालावे आणि डॉक्टरांच्या सल्ल्याने रक्तातील चरबी तपासून घ्यावी. ज्या पिढीला उभे करण्यासाठी दोन पिढ्या राबल्या, ती पन्नाशीतच अंथरुणाला खिळणे समाजाला परवडणारे नाही.