रामभूमीतल्या कपाटांविषयी

प्रति,
मा. पदाधिकारी,
सेंट्रल हिंदू मिलिटरी एज्युकेशन सोसायटी, नाशिक



रामभूमीतल्या भोसला सैनिकी शाळेचा विषय निघाला की वाद तिचे संस्थापक डॉ. मुंजे यांच्यापासून सुरू होतो आणि बहुधा तिथेच संपतो. मार्च 1931 मधली रोमवारी, मुसोलिनीची भेट, तिथल्या फॅसिस्टांच्या बालिला या मुलांच्या संघटनेची पाहणी हे सारे त्यांनी स्वतःच रोजनिशीत टिपले. ते कागद दिल्लीत तीन मूर्ती भवनात आहेत. 2000 साली इतिहास-संशोधक मार्झिया कासोलारी यांनी त्यांच्या आधारे लिहिले, तेव्हापासून दोन्ही बाजू त्याच पानांवर भांडतात. भांडू देत. पण 1937 पासून इथे शिकून गेलेली मुले त्या रोजनिशीत कुठून सापडणार?

ती सापडतील शाळेच्या जनरल रजिस्टरात. गाव, जन्मतारीख, आधीची शाळा, दाखला कधी नि का काढला. एका आडव्या ओळीत एक मुलगा. पहिल्या दहा वर्षांच्या ओळी कोणी नीट लावल्या, तर लष्करी शिक्षणाची हौस कोणाकोणाच्या घरात शिरली होती ते कळेल. 1939 ला महायुद्ध पेटल्यावर इथून फौजेत कोण गेले? बेचाळीसच्या ऑगस्टात वर्गात कोण नव्हते? हजेरीपट भाषणांइतका तरी खोटे बोलत नाही. मेसच्या कीर्दीत युद्धकाळातली महागाई दिसेल, तबेल्याच्या खर्चात घोड्यांची चंदी. 1948 मध्ये मुंजे गेले. त्यानंतर संस्थेने स्वतःला कसे सावरले, हे सभांच्या इतिवृत्तांत शोधावे लागेल. संस्थेच्या 1986 नंतरच्या महाविद्यालयाचे कागद अजून कोणाला इतिहास वाटत नसतील, म्हणून रद्दीत जायची भीती त्यांनाच जास्त.

मागणे एवढेच: आधी कपाटांतल्या या कागदांची यादी करा. नाशिकचा पावसाळा, वाळवी आणि कसर कोणाची विचारसरणी पाहत नाहीत. मुलांच्या शिक्षांच्या, आजारपणाच्या नोंदी संबंधित माणूस हयात असेपर्यंत बंद ठेवा, ते रास्तच आहे. बाकी 50 वर्षांपूर्वीचे कागद अर्ज करणाऱ्या कोणालाही वाचू द्या, टीकाकारालाही. सोयीचे तेवढेच दाखवायचे असेल, तर हा खटाटोप नको.

2037 मध्ये शाळेची शंभरी. स्मरणिका निघेलच, हारतुऱ्यांचे फोटोही येतील. त्याआधी यादीच्या कामाला माणसे लागली तर सार्वजनिक वाचनालयात निरोप ठेवा. आम्ही काही जण रविवारी मोकळे असतो.

आपला,
एक नाशिककर वाचक