ओंजळभर पाणी

जालना जिल्ह्याच्या घनसावंगी तालुक्यात कुंभार पिंपळगाव आहे. मराठवाड्यातील या अवर्षणग्रस्त भागात उन्हाळ्यात घागरभर पाण्याचेही मोल कळते. अशा वेळी शाळेतील हात धुण्याच्या पाण्यातच प्रथम काटछाट करावी, असे कित्येकांस वाटते. परंतु ही खरी काटकसर नव्हे. १८४७ साली व्हिएन्नाच्या रुग्णालयात डॉक्टर सेमेलवाइस यांनी सहकाऱ्यांस क्लोरीनयुक्त पाण्याने हात धुण्यास लावले, तेव्हा बाळंतिणींचे मृत्यू झपाट्याने घटले. अतिसारासारखे रोगही मळक्या हातांवाटे पसरतात. म्हणून शौचानंतर व जेवणापूर्वी हात धुण्यास ओंजळभर पाणी आणि साबण शाळेत राखून ठेवलाच पाहिजे. सांडलेले पाणी झाडांच्या आळ्यांत सोडावे. टँकरने पाणी आणता येते. आजारात बुडालेले शाळेचे दिवस मात्र परत आणता येत नाहीत.